देणगी दिली प्रयोगशाळेला, उभी राहिली कमान. आता काय करायचं?

माळरान (धागाकर्ता)

राम राम मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमची १९९४ ची दहावीची बॅच. जानेवारी २०२० मध्ये शाळेत स्नेहमेळावा झाला. सर आम्हाला प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेले, तर आम्ही सोडून गेलो होतो तीच ती. फळीवर चार ब्युरेट, त्यातल्या दोघांच्या तोट्या गळक्या. कोपऱ्यात सांगाडा, ज्याला आम्ही 'बंडू' म्हणायचो. त्याचा डावा हात मनगटापासून गायब. जेवणाच्या पंगतीतच ठरलं की शाळेला नवी प्रयोगशाळा द्यायची. दोन महिन्यांत ८४ जणांनी मिळून ६,४०,००० रुपये संस्थेच्या खात्यात भरले, काही चेकने, काही फोनवरून. पावत्या मिळाल्या. नंतर कोविड, मग सगळेच विसरले.

गेल्या डिसेंबरात गावी गेलो तर शाळेला नवी कोरी कमान. काळ्या ग्रॅनाइटवर संस्थेच्या अध्यक्षांच्या वडिलांचं नाव, खाली विश्वस्तांची नावं सोनेरी रंगात. आत गेलो. बंडू तसाच, हात अजून नाही.

अध्यक्षांना भेटलो. चहा पाजला आणि म्हणाले, "पैसे शाळेलाच लागले ना? खिशात घातले का कोणी?" काम त्यांच्या मेहुण्याने केलं असं गावात म्हणतात, पुरावा माझ्याकडे नाही.

पावत्या काढून पाहिल्या. माझ्याकडे ३१ जणांच्या प्रती आहेत. पावतीवर 'कारण' अशी एक ओळ आहे. २७ पावत्यांवर तिथे नुसती आडवी रेघ, चारांवर 'विज्ञान प्रयोगशाळेसाठी'. हा कायद्याने अपहार होतो का? तक्रार कुठे करायची, पोलिसांत की धर्मादाय आयुक्तांकडे? आम्ही नुसते देणगीदार, आम्हाला हिशोब मागता येतो का? आणि पैसे परत मिळतात का?

संस्थेचं, गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. कृपया विचारू नये.

तिरकस

बंडूचा हात कमानीच्या पायात घातला असेल. नरबळीचा सौम्य प्रकार. हलके घ्या.

हिशोबनीस

मी ट्रस्टांची ऑडिटं करतो, त्यामुळे माझी बाजू आधीच उघड करून ठेवतो.

माळरान, पोलिसांचं नाव आत्ता काढू नका. आधी कागद. तुमची संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असणार (पूर्वी याला मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा म्हणायचे). म्हणजे दरवर्षी हिशोबाचं ऑडिट करून अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यावाच लागतो, कलम ३३ आणि ३४. तो अहवाल सरकारी कार्यालयात पडलेला कागद आहे. नकलेचा अर्ज करा. नाही म्हणाले तर माहिती अधिकार, कारण ते कार्यालय स्वतः सार्वजनिक प्राधिकरण आहे.

हातात आला की काय बघायचं ते सांगतो. परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद. डाव्या बाजूला 'इतर निर्धारित निधी' असं शीर्षक असतं. विशिष्ट कामासाठी आलेला पैसा तिथे दिसायला हवा. उजव्या बाजूला 'अॅडव्हान्स' खाली पोटशीर्षकं छापलेलीच असतात: विश्वस्तांना, नोकरांना, ठेकेदारांना, वकिलांना, इतरांना. चोरी पकडायची असेल तर या पाच ओळी मी सगळ्यात आधी वाचतो. परिशिष्ट नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक, ते बहुतेक वेळा 'किरकोळ' आणि 'इतर' यांनी भरलेलं असतं.

आणि ऑडिटरचा अहवाल. नियम १९ प्रमाणे त्याला ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. त्यात एक प्रश्न असा की ५,००० रुपयांहून जास्त खर्चाच्या दुरुस्ती वा बांधकामासाठी निविदा मागवल्या होत्या का. हो, पाच हजार. आज पाच हजारांत कमानीचा एक खांबही रंगवून होत नाही, पण प्रश्न तसाच आहे आणि उत्तर द्यावंच लागतं. दुसरा प्रश्न असा की बेकायदा किंवा अयोग्य खर्च झालाय का, आणि तो विश्वस्तांच्या गैरवर्तनामुळे झालाय का. तिथे काय लिहिलंय ते बघा. बहुतेक जण 'नाही' लिहून मोकळे होतात, आणि मग त्या 'नाही'वर ऑडिटरची सही असते.

सुलभा_जोशीण

हिशोबनीस, छान लिहिलंय. वाचनखूण साठवली.

माळरान, आणखी एक कागद मागा: परिशिष्ट एकचा, म्हणजे संस्थेच्या नोंदणीचा उतारा. विश्वस्त म्हणून नोंद कोणाची आहे ते त्यात कळतं. आमच्या देवस्थानात आम्ही तीन वर्षं ज्यांच्याशी भांडत होतो त्यांचं नावच उताऱ्यावर नव्हतं! विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, कलम २२. त्यांनी दिला होता, पण विरुद्ध गटाने हरकत घेतली आणि तो अर्ज सात वर्षं तारखांवर तारखा खात पडला. दरम्यान कारभार करत होते तेच. अभिषेकाच्या पावतीपुस्तकांचा हिशोब आजवर लागलेला नाही.

गुरुजी_६२

जरा दुसरी बाजू मांडतो. मी अशाच एका संस्थेत ३१ वर्षं शिकवलं, शेवटी मुख्याध्यापक होतो. वेतन अनुदान सरकार देतं, पण वेतनेतर अनुदान कधी येतं आणि किती येतं हे देवालाही माहीत नसतं. खडू, वीजबिल, गळकं छप्पर, सगळं देणगीतून. मी स्वतः वाचनालयासाठी आलेले पैसे मुलींच्या स्वच्छतागृहाला वापरलेत. ठराव करून वापरलेत, पण वापरलेत. मला चोर म्हणाल का? कमान भपका आहे, मान्य. पण कमानीचा ठराव झाला असेल तर 'अपहार' हा शब्द जपून वापरा. गावात एकदा तो शब्द निघाला की पुढची देणगीच बंद होते.

कोर्टाची_पायरी

गुरुजींचा प्रश्न खरा आहे आणि कायद्याचं उत्तरही तिथूनच सुरू होतं, म्हणून आधी तेच घेतो.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. पैसा विश्वस्ताच्या किंवा त्याच्या माणसाच्या खिशात गेला, तर अपहार. पैसा संस्थेच्याच कामाला लागला पण दिला होता त्या कामाला नाही, तर विश्वस्तांचा कर्तव्यभंग. त्यात फौजदारी हेतू दाखवणं अवघड असतं. आणि पैसा योग्य कामाला लागला पण निविदा नाहीत, ठराव नाही, तर ती अनियमितता. गुरुजींचं स्वच्छतागृह दुसऱ्यात बसतं. त्यासाठीही रस्ता आहे: मूळ हेतू पुरा होणं शक्य नसेल किंवा पैसा उरला असेल तर कलम ५५ आणि ५६ खाली परवानगीने जवळच्या हेतूला वळवता येतो. पण त्यासाठी विचारावं लागतं. आपल्या मनाने नाही. (या कलमाचा इतिहास गमतीचा आहे. १९५४ साली रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बराचसा टिकवला, पण धार्मिक पैसा दात्याच्या हेतूबाहेर वळवण्याची मुभा देणारा कलम ५५ चा भाग उडवला. दात्याचा हेतू इतका जुना आणि पक्का मुद्दा आहे.)

आता पोलिसांचं. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता, कलम ३१६. तुमचा प्रकार त्याआधीचा, म्हणून जुनी दंडसंहिता, कलम ४०६ (फौजदारी विश्वासघात). याला कमाल शिक्षा तीन वर्षं, आणि तीन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांची दखल घ्यायला फौजदारी प्रक्रियेत तीन वर्षांचीच मुदत असते. गुन्हा कळला त्या दिवसापासून मुदत मोजा असा युक्तिवाद करता येतो, पण ते भांडण पहिल्या तारखेपासून मागे लागतं. ४०९ ला (लोकसेवक, बँकर, एजंट वगैरेंनी केलेला विश्वासघात) ही अडचण नाही, कारण शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. मात्र विश्वस्त त्यात बसतो की नाही यावर वकिलांची पोटं भरतात. ४२० (फसवणूक) म्हणाल, तर पैसे घेतानाच फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागेल. जानेवारी २०२० मध्ये अध्यक्षांच्या डोक्यात कमान होती हे तुम्ही कसं सिद्ध करणार?

शिवाय ठाणे अंमलदार तुम्हाला सांगणारच, "हे दिवाणी आहे, धर्मादायला जा." तसं झालं तर आधी अधीक्षकांना लेखी, मग नागरिक सुरक्षा संहितेच्या १७५(३) खाली दंडाधिकारी, ते पोलिसांना तपासाचा आदेश देऊ शकतात. जुन्या लोकांना फौजदारी प्रक्रिया संहितेचं १५६(३) आठवत असेल, तेच ते.

माझं मत विचाराल तर धर्मादाय आयुक्तांकडे जास्त दात आहेत. कलम ३७ खाली हिशोब तपासता येतात. ४१-बी खाली चौकशी लावता येते. ४१-ई खाली मालमत्ता उधळली जात असेल तर मनाई हुकूम मिळतो. ४१-डी खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढता येतं. आणि ३९ ते ४१ या कलमांत तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे: नुकसान किती झालं ते ठरवून ती रक्कम विश्वस्तांनी स्वतःच्या पदरची भरायची. पण ती संस्थेकडे जाते, तुमच्याकडे नाही. दिलेली देणगी ही दिलेली देणगी.

पेडण्याचो_भुरगो

आमच्या गोव्यात हे धर्मादाय आयुक्त प्रकरणच नाही. देवळांना १९३३ चा पोर्तुगीज काळचा देवस्थान कायदा, महाजनांची (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांची) यादी आणि वर मामलेदार. महाजन नसलास तर तुझं कोण ऐकतो? यादीत नाव घालण्यावरूनच अर्धे खटले.

इंदूरकर_सराफा

मध्य प्रदेशात १९५१ चा वेगळा कायदा, आणि निबंधक म्हणजे जिल्हाधिकारी. आमच्या मंडळाच्या जागेचा वाद त्यांच्याकडे आहे. जिल्हाधिकाऱ्याला निवडणूक, पूर, मंत्र्यांचा दौरा आणि मग आम्ही. तुमच्याकडे निदान स्वतंत्र कार्यालय तरी आहे.

तिरकस

अवांतर: आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीलाही हे लागू आहे का? गेल्या वर्षी डीजेवर किती आणि बाप्पावर किती याचा हिशोब मागितला तर मलाच 'धर्मद्रोही' ठरवलं.

कोर्टाची_पायरी

लागू आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायला ४१-सी खाली परवानगी लागते आणि नंतर हिशोबही द्यावा लागतो. परवानगी न घेता गोळा केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद आणि गोळा केलेल्या रकमेच्या दीडपटीपर्यंत दंड. हे मंडळाच्या फलकावर लिहून बघा, धर्मद्रोहीच्या पुढचा शब्द शोधतील.

एडिसनकर

मीही याच धाग्यासारख्या एका प्रकरणात आहे. गावच्या शाळेला १,००० डॉलर पाठवले होते. इकडे अमेरिकेत धर्मादाय संस्थांचा फॉर्म ९९० कोणीही उघडून बघू शकतो, अध्यक्षाचा पगार, खर्च, सगळं. तिकडे पत्र पाठवलं तर उत्तर नाही. भारतात तक्रार करू का?

कोर्टाची_पायरी

एडिसनकर, त्याआधी एक सांगा. पासपोर्ट कोणता?

एडिसनकर

अमेरिकन. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं) कार्ड आहे. का?

कोर्टाची_पायरी

कारण भारतीय पासपोर्टवाल्या अनिवासी माणसाने आपल्या कमाईतून दिलेला पैसा परकीय देणगी धरत नाहीत. तुम्ही नागरिकत्व बदललं की तुम्ही परकीय स्रोत, ओसीआय असलात तरी. मग संस्थेकडे परकीय देणगी कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवी. गावच्या शाळेकडे हे असण्याची शक्यता कमी. तक्रार केलीत तर पहिला प्रश्न पैसा कुठे गेला हा नसेल, मुळात तो घेतला कसा हा असेल. शाळा त्यात सापडेल. वकिलाशी बोलल्याशिवाय काही लिहून पाठवू नका.

एडिसनकर

बाप रे. प्रतिसाद काढून टाकायला हवा होता, उशीर झाला.

हिशोबनीस

मूळ विषयावर येतो. प्राप्तिकराची बाजू राहिली. ८० जीच्या (देणगीवरच्या) करसुटीसाठी दात्याला १० बीई प्रमाणपत्र मिळू लागलं, पण ती पद्धत आर्थिक वर्ष २०२१-२२ पासूनची. तुमच्या २०२० च्या देणगीला ते नसणार, त्यामुळे त्यावरून आरडाओरड करू नका. मेहुण्याला चढ्या दराने काम दिलं असेल तर मात्र त्या वर्षांना लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम १३, विश्वस्ताच्या नातेवाइकाला फायदा. पण ते हत्यार मी सहसा काढू देत नाही. करसवलत गेली तर फटका मेहुण्याला बसत नाही, शाळेला बसतो.

माळरान

सगळ्यांचे आभार. दोन आठवडे गावी होतो, आता सविस्तर लिहितो.

जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात गेलो. नकलेच्या अर्जावर कोर्ट फी तिकीट लावलं, कारकुनाने फाईल शोधायला वेळ घेतला, अकराव्या दिवशी नकला मिळाल्या. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बसलो, शेजारी हिशोबनीसांचा प्रतिसाद उघडून.

३१ मार्च २०२० चा ताळेबंद. डावी बाजू. इतर निर्धारित निधी. त्याखाली शब्दशः: 'प्रयोगशाळा निधी (माजी विद्यार्थी) ६,४०,०००'.

दोनदा वाचलं. पावतीवर रेघ मारणाऱ्यांनीच ताळेबंदात आमचा हेतू लिहून ठेवलाय! पुढच्या वर्षीही तीच ओळ, तीच रक्कम. ३१ मार्च २०२२ च्या ताळेबंदात ओळच गायब. त्याच वर्षीच्या परिशिष्ट नऊमध्ये 'इतर उत्पन्न' एकदम फुगलंय. आणि ताळेबंदाच्या उजव्या बाजूला, अॅडव्हान्स, ठेकेदारांना: ५,१०,०००. २०२३ मध्येही ५,१०,०००, एक रुपया इकडे तिकडे नाही. निविदांच्या प्रश्नापुढे ऑडिटरने लिहिलंय 'लागू नाही'.

हिशोबनीस

थांबा. स्थावर मालमत्तेत वाढ दाखवली आहे का? कमान म्हणून, कुंपण म्हणून, कशीही?

माळरान

नाही. इमारतीचा आकडा घसारा वजा होत खाली खालीच गेलाय.

हिशोबनीस

मग ऐका. हिशोबाच्या वहीत तुमची कमान उभीच राहिलेली नाही. काम झालं असतं तर ठेकेदाराचं बिल येतं, अॅडव्हान्स वळता होतो आणि मालमत्ता वाढते. इथे बिलच नाही. म्हणजे आजही वहीप्रमाणे ठेकेदार संस्थेचं पाच लाख दहा हजारांचं देणं लागतो. 'पैसे शाळेलाच लागले' हे अध्यक्षांना आता तोंडी म्हणता येईल, कागदावर नाही. आणि निर्धारित निधी ठरावाशिवाय उत्पन्नात घेता येत नाही. इतिवृत्ताची नक्कल मागा.

गुरुजी_६२

मी माझा आधीचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण या प्रकरणाला तो लागू नाही. आम्ही स्वच्छतागृहाचं बिल जोडलं होतं, विटांच्या गाडीच्या पावतीसकट. शाळा अनुदानित असेल तर शाळेकडे थेट माहिती अधिकारात अर्ज करा. २०१९ मध्ये डीएव्ही महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की सरकारच्या भरीव पैशावर चालणारी संस्था त्या कायद्यात येते.

कोर्टाची_पायरी

माळरान, आता अर्ज करायला हरकत नाही. पण सही कोण करणार ते आधी ठरवा. कायद्यात 'हितसंबंध असलेली व्यक्ती' अशी व्याख्या आहे, कलम २(१०). सोसायटी असेल तर सभासद. इतर ट्रस्ट असेल तर विश्वस्त किंवा लाभार्थी. देणगीदार हा शब्द त्यात नाही. समोरचा वकील पहिल्या तारखेला उभा राहून एवढंच विचारेल, "हे कोण?" तुमच्या ८४ जणांत संस्थेचा आजीव सभासद कोणी आहे का? किंवा ज्याचं मूल आज त्या शाळेत शिकतंय असा कोणी?

माळरान

आजीव सभासद एक होता, मागच्या वर्षी गेला. मुलं शाळेत असलेले तिघे आहेत, गावातच राहतात. तिघांनाही फोन केला. एकाची मुलगी नववीत आहे, पुढच्या वर्षी दहावी. तो म्हणाला, "अंतर्गत गुण कोणाच्या हातात असतात, तुला माहितीये ना?" दुसऱ्याची बायको त्याच संस्थेच्या बालवाडीत आहे. तिसरा म्हणाला, विचार करून सांगतो.

पुण्या-मुंबईतले ४० जण सही करायला एका पायावर तयार आहेत. त्यांना कोणी काही करू शकत नाही आणि कायद्यात त्यांना जागाही नाही.

सुलभा_जोशीण

आमच्याकडे अगदी हेच झालं होतं हो. पुजाऱ्याच्या भाऊबंदांपैकी कोणी पुढे येईना.

कोर्टाची_पायरी

म्हणूनच कायद्यात एक फट ठेवलीय. ४१-बी आणि ४१-डी, दोन्हींत आयुक्तांना स्वतःहूनही पाऊल उचलता येतं. तुम्ही ४० जणांनी अर्ज म्हणून नाही, माहिती म्हणून निवेदन द्या. चार ताळेबंदांच्या नकला, ज्यांवर 'प्रयोगशाळेसाठी' आहे त्या चार पावत्या, कमानीच्या फलकाचा फोटो. शेवटी विनंती अशी की आयुक्तांनी स्वतःहून चौकशी लावावी. अपहार हा शब्द एकदाही नको, मेहुणा तर अजिबात नको. फक्त विचारा की ही ओळ २०२२ मध्ये कुठे गेली. ते दखल घेतीलच असं नाही, पण निवेदन आवक-जावक नोंदीत राहील. उशीर झाला म्हणून घाबरू नका. विश्वस्तांकडून ट्रस्टचा पैसा वसूल करायच्या दाव्याला मुदत कायद्याचं कलम १० आडवं येऊ देत नाही. तो तिसरा तयार झाला तर त्याच्या सहीने वेगळा अर्ज, आणि नववीतल्या मुलीच्या बापाला पुन्हा फोन करू नका.

माळरान

निवेदनाचा मसुदा तयार आहे, उद्या गटावर टाकतो. व्यक्तिगत निरोपातून दोघांनी वकिलाचा खर्च वाटून घेऊ म्हणून कळवलं, त्यांचे आभार.

तिसऱ्याचा आत्ताच फोन आला होता. सही करतो म्हणाला, पण एप्रिलनंतर, पोराची वार्षिक परीक्षा होऊ दे. तोवर निवेदन देऊन ठेवतो. आवक क्रमांक मिळाला की इथे लिहीन.

तिरकस

बंडूचा फोटोही जोडा. साक्षीदार तोच आहे.